चाचा मिस्त्री आणि माझी पाठ

"आता बरं आहे ना?" असं चाचा मिस्त्रींनी मला कधीच विचारलं नाही. बाकी सगळे तेच विचारायचे, आणि त्यांना उत्तरही 'हो' असंच हवं असायचं. चाचा सकाळी माझ्या लेथपाशी येऊन म्हणायचे, "आज कुठं दुखतंय रं?" कंबर म्हणालो तरी मान हलवायचे, पाय म्हणालो तरी मान हलवायचे. औषध मात्र सुचवायचे नाहीत. त्या काळात मला औषध न सुचवणारा हा एकच माणूस भेटला.

कासारवाडीच्या आमच्या वर्कशॉपचे ते फोरमन, मूळचे तळवड्याचे. माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, उत्तम झालं. दुखणं काही गेलं नाही. ऑपरेशन उत्तम झाल्यावरही कण्हणारा माणूस सोंगाड्याच ठरतो. खात्यात मला 'नवाबसाहेब' म्हणून हाका सुरू झाल्या. चाचा एकदाच ओरडले, "दुखतंय म्हणतोय न्हवं? मग दुखतंय. तुमची पाठ हाय का ती?"

मालकांनी मात्र सांगून ठेवलं होतं, दसऱ्यापर्यंत बघू, नाही जमलं तर दुसरा माणूस. घरात पोरं लहान.

खंडेनवमीला मशीनची पूजा असायची. जो तो आपल्या मशीनच्या पायाशी वाकून हळदकुंकू वाहायचा. मालक दारातच उभे. मी वाकतो की नाही, हे आज सगळे बघणार होते. चाचा स्वतः पूजा करत नसत, पण मशीन पुसणं, झेंडूच्या माळा आणणं त्यांच्याकडेच असायचं. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक मशीनवर, छातीच्या उंचीला पूजेचं ताट ठेवलं होतं. म्हणाले, "खाली तेल सांडलंय. औंदा पूजा उभ्यानं." तेल कुठंही सांडलं नव्हतं. सगळ्यांनी उभ्यानं पूजा केली.

मग चाचा मालकांकडे गेले. "साहेब, ह्याला माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या. वाकायचं काम आमी वाटून घेऊ."

मालकांनी हातातलं खोबरं तोंडात टाकलं आणि 'बरं' म्हणाले. त्या 'बरं'वर माझी पोरं शिकली. हे उपकार मी विसरलेलो नाही.

चाचा गेले तेव्हा तळवड्याला गेलो. जनाजा उचलताना त्यांचा मुलगा म्हणाला, "तुम्ही नुसतं संगं चाला." मी ऐकलं नाही. मशिदीच्या वळणापर्यंत खांदा दिला. पुढे कितीतरी दिवस अंथरुणातून उठवत नव्हतं. त्या दुखण्याबद्दल मात्र मी कुणापाशी चकार शब्द काढला नाही.