चौकचा क्लस्टर आणि आमचे साहेब

बिनडोक साहेबाच्या हाताखाली नोकरी केली की माणसाला ॲसिडिटी होते आणि किस्से साठतात. ॲसिडिटीवर गोळी मिळते, किस्से मात्र कुणाला तरी सांगावेच लागतात!

मी कर्जतचा. चौक गावाजवळच्या एका डेटा सेंटरमध्ये AI च्या मशीन एकमेकींना जोडणारं नेटवर्क लावतो. आत धूळ चालत नाही, म्हणून चपला बाहेर काढायला लावतात. अक्कल कुणी तपासत नाही. त्यामुळेच सेल्समधून उचललेले हे साहेब थेट आमच्या डोक्यावर येऊन बसले.

*

पहिल्याच मीटिंगला मी समजावलं, "साहेब, शेकडो मशीनचा मिळून एक क्लस्टर, आणि सगळ्या मिळून एकच गणित सोडवतात. प्रत्येक टप्प्याला सगळ्या एकदम एकमेकींशी बोलतात. एकीचा निरोप अडला की बाकीच्या नुसत्या बसून राहतात."

साहेबांनी डायरीत सगळं लिहून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाले, "एकदम कशाला बोलतात? एकेकीला बोलायला सांगा ना!"

*

मशीनचे निरोप इकडून तिकडे पोचवतो तो स्विच. एकदा साहेब त्या स्विचचं कॉन्फिगरेशन, म्हणजे त्याला द्यायच्या सूचना, चॅटबॉटकडून लिहून घेऊन आले. मी वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"साहेब, यातल्या अर्ध्या कमांड आपल्या स्विचमध्ये नाहीतच."

"AI चुकत नाही. स्विचच्या कंपनीला फोन करा, म्हणावं कमांड घालून द्या!"

*

केबल ओढायचं आणि जोडायचं काम सुनंदाताईचं. पलीकडच्या वाडीतली, कंत्राटावर लागलेली, घरात कमावणारी ती एकटी. तिला कायम करायचं पत्र चार महिने साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होतं.

दसऱ्याला साहेबांनी एका रांगेतल्या स्विचच्या केबल काढायला लावल्या आणि एकेका पोर्टात, म्हणजे केबल खुपसायच्या खाचेत, स्वतःच्या बोटाने कुंकू भरलं! फायबरच्या केबलमधून प्रकाश जातो, तिथे धुळीचा कणही चालत नाही. झेंडूच्या माळांसकट अख्खी रांग बंद पडली.

"श्रद्धा कमी पडली," साहेब म्हणाले.

"नाय साहेब, कुंकू जास्त झालं," ताई म्हणाली आणि दोन दिवस खाली बसून पोर्ट पुसत राहिली. साहेबांनी तिला साधा चहा विचारला नाही. मला फार राग आला होता.

*

पाहणीला वरचे लोक येणार होते. पाच-सहा स्विचवर लाल दिवे लागले होते. मी म्हटलं, "दोन तास द्या, दुरुस्त करतो." साहेबांनी पाच मिनिटांत काम संपवलं. लाल दिव्यांवर काळी चिकटपट्टी!

वर मलाच ऐकवलं, "तुम्ही इंजिनिअर लोक फार वेळ लावता."

*

आणि मग क्लायंट आला. त्याने आपल्या AI चं मोठं ट्रेनिंग सुरू केलं आणि सगळा क्लस्टर जागच्या जागी थांबला. साहेबांनी ऐटीत पिंग मारला, म्हणजे चाचणीचा एक छोटा निरोप धाडला, तो गेला.

"बघा, पिंग जातोय! म्हणजे केबलच खराब." पिंग गेला म्हणजे केबल ठीक आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. पण साहेब ताईकडे वळले. "बाई, सगळ्या केबल काढा आणि उद्यापासून येऊ नका. त्या पत्राचं विसरा."

ताईचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "साहेब, केबल चांगली हाय. एकेक मी तपासलीय. दादा, मोठा निरोप धाडून बघ रं. पुलाखालनं टेंपो जातो, ट्रक अडकतो, तसं तर नाय ना?"

मी मोठे पिंग मारत एकेक स्विच पार करत गेलो. सगळे गेले. शेवटच्या रांगेतल्या एकाच स्विचवर अडले. त्याच्यात निरोपाच्या आकाराची मर्यादा वाढवलेलीच नव्हती.

"बाकीचे स्विच आम्ही एकाच फाइलवरून सेट केलेत," मी क्लायंटला म्हटलं. "हा एकटाच हाताने टाइप केलाय."

"कुणी?" क्लायंटने विचारलं.

आम्ही सगळे त्या स्विचपाशी गेलो. ताईने टॉर्च मारला. स्विचवर पितळी पाटी होती, भोवती फुलांची नक्षी. ताईने पदराने ती पुसली आणि सावकाश, मोठ्याने वाचली.

"या... स्विचचे... कॉन्फिगरेशन... मा. मॅनेजरसाहेबांच्या... शुभहस्ते... संपन्न."

ताईने कमरेचा स्क्रूड्रायव्हर काढला.

"साहेब, आता केबल काढू का पाटी?"