जाते म्हणाली

शेजारच्या घरात जर्मनीची सून होती. सगळं कुंडल गाव तिला गोरी सून म्हणायचं. भाकरी थापायला शिकली, मराठी शिकली, पण खोटं बोलायला काही शिकली नाही. चहा कसा झालाय विचारलं की तोंडावर सांगायची, "लय गोड. न्हाई आवडला." मला ते पटायचं. मीही तसलाच.

सुरुवातीला ती निघताना "जाते" म्हणायची. माझी बायको ओरडायची, "अगं, जाते म्हणू न्हाई! मेलेलं माणूस जातं. येते म्हणावं." मग ते तिच्या जिभेवर असं बसलं, की कुडापलीकडं घरी जातानाही "येते" म्हणायची.

गेल्या साली बायको सांगलीच्या दवाखान्यात निघाली. "येते" म्हणाली, ती आलीच नाही. तेव्हापासून माझी भाकरी या सुनेच्या हातची.

परवा नवरा आणि पोरीला घेऊन ती कायमची तिच्या देशाला निघाली. जीप दारात उभी होती. पाया पडली आणि म्हणाली, "जाते, आबा."

मला वाटलं, गडबडीत चुकली. म्हटलं, "येते म्हण गं."

"आता येणं व्हायचं न्हाई, आबा. तुमाला खोटं कसं सांगू?"

मी दाराची चौकट धरून उभा राहिलो.

जीप हलली तशी पोरगी मागनं ओरडली, "येते हं, आबा!"

पोरगी खोटं बोलली की कान धरणारी ही बाई. पण तिनं पोरीला टोकलं नाही.