गॉगलवाली मॅडम

बंदरावर त्याला सगळे भोंगा म्हणत. जहाजातून दिवसभरासाठी उतरलेल्या प्रवाशांना गाडीत बसवायचं, मसाल्याची बाग दाखवायची आणि पुन्हा धक्क्यावर आणून सोडायचं, हा त्याचा धंदा. या सगळ्यात त्याच्या तोंडाचा पट्टा घटकाभरही थांबत नसे. त्या सकाळी मात्र भोंगा मूग गिळून गाडी चालवत होता.

कारण मागच्या सीटवर, प्रवाशांच्या मधोमध, गॉगल आणि भलीमोठी हॅट घालून त्याची धाकटी बहीण बसली होती. ती त्याच जहाजाच्या लाँड्रीत कामाला होती. आज तिला दुपारपर्यंतच सुटी मिळाली होती आणि गाडी निघाली होती ती थेट त्यांच्या बाबांच्या बागेकडे. घरची बाग सोडून पोरगी परक्यांचे कपडे धुवायला गेली, म्हणून बाबांनी तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. तिचा फोन आला की मुकाट्याने आईच्या हातात द्यायचे.

"दादा, फाटकातूनच हाकललं तर?" उतरताना तिने हळूच विचारलं.

"एवढ्या गिऱ्हाइकांसमोर नाही हाकलणार," भोंगा म्हणाला. पण त्याने तिची हॅट आणखी खाली ओढली.

बाबांनी फाटकाशी एकेकाला नीट न्याहाळलं. तिच्यावर नजर जराशी रेंगाळली. वाळत घातलेल्या मिऱ्यांतला बारीक खडा ज्याला उभ्याउभ्या दिसतो, त्याला पोटची पोर हॅटखाली ओळखू येणार नाही होय? पण म्हातारा वस्ताद. "या मॅडम," म्हणाला, "जपून, मुळं वर आलीत."

मॅडम! भोंग्याला हसावं की रडावं कळेना. बहीणही त्याच बापाची लेक. "काका, मिरी जमिनीखाली येते का हो?" तिने साळसूदपणे विचारलं.

"नाही मॅडम, वेलाला येते," बाबांनी चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता सांगितलं. दालचिनीपाशी तेच, लवंगेपाशी तेच.

जायफळाच्या झाडाखाली नेहमीचा खेळ सुरू झाला. प्रत्येकाला एकेक फळ द्यायचं. आतल्या बीवरची लालभडक जायपत्री जो अखंड सोडवेल तो जिंकला. बघता बघता सगळ्यांच्या पत्रीच्या चिंध्या झाल्या. बहिणीने तर शेंड्याकडून नख घातलं आणि टराटरा ओढायलाच लागली. भोंगा बघतच राहिला. फ्रॉकमध्ये असल्यापासून जिच्या हातून एक पत्री फाटली नाही, ती हे काय करतेय!

बाबांनी घसा खाकरला, मान फिरवली, पण राहवेना.

"अगं ए! देठाकडून! किती वेळा सांगितलं तुला, देठाकडून सोडव म्हणून!"

तिने हॅट काढली, गॉगलही काढला. ती हसत होती आणि डोळे घळाघळा वाहत होते.

"हात बघू," बाबा म्हणाले. साबणाच्या पाण्याने खरखरीत झालेले तळवे त्यांनी उलटसुलट करून पाहिले. "तेलबिल लावतेस की नाही? जेवायला तरी नीट घालतात का तिथे?"

"घालतात हो बाबा."

प्रवाशांतल्या एका आजीबाईंना काही उमगेना. "तुम्ही ओळखता हिला?"

"ओळखता म्हणजे?" बाबा ताठ उभे राहिले. "मुलगी आहे माझी! ते तुमचं एवढं मोठं जहाज आहे ना, त्यातली एकही चादर हिच्या हाताशिवाय स्वच्छ होत नाही."