गुरवाची लेक आणि यरुशलेमचं मंदिर

ख्रिस्ती धर्मग्रंथावर पीएचडी करते म्हणून माझ्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं.

त्या दिवशी ती पोटभर जेवली आणि हिब्रूचा धडा गिरवायला बसली.

ती आमची अक्का आज गेली.

आम्ही राजूरजवळचे गुरव. शंकराच्या देवळातली पूजा भाऊबंदांत पाळीपाळीने. लहानपणी एकदा आमचे वडील, नाना, गाभाऱ्यातून बाहेर येईनातच. पायरीवर बसलेल्या बाया घाबरून उभ्या राहिल्या. आई रडकुंडीला आली.

नानांना आत भोवळ आली होती.

पुढे नगरला कॉलेजात असताना मिशनच्या होस्टेलमधल्या प्रार्थनेत अक्काने बायबलच्या शुभवर्तमानातली एक गोष्ट ऐकली. यरुशलेमच्या मंदिरात म्हातारा याजक, म्हणजे तिथला पुजारी, धूप जाळायला आत जातो. त्याला उशीर होतो. बाहेर लोकांना नवल वाटतं.

"नवल कसलं गं? भ्याले असतील ते!" अक्का मला म्हणाली.

बाहेरच्या लोकांच्या या भीतीवरच तिने पुढे पीएचडीला नाव घातलं. नगरच्या चर्चमधल्या एका रिटायर्ड पाळकांकडे ग्रीक आणि हिब्रू शिकली.

मग मिरजगावचे सोयरे, नवऱ्यामुलाकडचे, घरी आले.

"तुमची पोरगी बाटली."

"बाटली न्हाई, शिकती हाय," नाना म्हणाले. "तुमाला नको आसंल तर ऱ्हाऊ द्या."

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी पुण्यात तिचा ओपन व्हायवा, म्हणजे सगळ्यांसमोर पीएचडीची तोंडी परीक्षा, झाला. मी आणि फेटा बांधलेले नाना मागच्या बाकावर. सगळं इंग्रजीत.

मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "तुम्ही ज्यू नाही, ख्रिस्ती नाही. त्या मंदिरातली उपासना तुम्हाला काय कळणार?"

अक्काने लगेच उत्तर दिलं.

"सर, मी गुरवाची मुलगी आहे. आत आपलं माणूस असताना बाहेर थांबणं काय असतं, मला माहीत आहे."

आणि मग तिने पुरावा काढला. ज्यूंचा जुना नियम: मोठ्या उपासाच्या दिवशी मुख्य याजकाने आतली प्रार्थना लांबवू नये, बाहेरचे लोक घाबरतील.

"मूळ वाचून दाखवा."

तिने हिब्रूतून वाचलं. खणखणीत! मग शुभवर्तमानातली ग्रीक ओळ घेतली, एकेक शब्द सोडवत गेली.

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. "आय हॅव नो मोअर क्वेश्चन्स, डॉक्टर."

"काय म्हनलं त्ये?" नानांनी मला विचारलं.

"नाना, अक्का जिंकली!"

नाना उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. एकटेच. मग अख्खा हॉल.

पुढच्या रविवारी नगरच्या चर्चमध्ये त्याच पाळकबाबांनी तिला बोलायला उभं केलं. मराठीत बोलली. बाहेर ताटकळलेल्या लोकांची भीती ती सांगत होती, तेव्हा बायका डोळे पुसत होत्या.

नाना पहिल्या बाकावर. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "तुमची लेक का?"

"व्हय. माझीच!"

अख्ख्या चर्चला ऐकू गेलं.

लग्न तिने पुढे केलं, स्वतःच्या पसंतीने. रिटायर होईपर्यंत शिकवलं, ताठ मानेने.

डॉक्टर अक्का, तुझ्या धाकट्या बहिणीचा अभिमानाने नमस्कार. सुखाने जा.