काकांच्या बंद खिडक्या

माझ्या मावशीच्या यजमानांइतका रसायनशास्त्राने पछाडलेला माणूस सह्याद्रीच्या या बाजूला दुसरा झाला नसेल. पलीकडचं मला ठाऊक नाही. अकोले गावच्या ज्युनियर कॉलेजात काकांनी जन्मभर वायूंचा समतोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर तो घरी आणला. कपाटावर तांबूस वायू भरलेली एक बंद काचेची नळी असायची. पाहुणा आला की चहाआधी नळी. गरम पाण्यात बुडवली की वायू गडद, गार पाण्यात फिका. "नळी फुटली तर समतोल बिमतोल काही नाही. भांडं बंद हवं!" जावयाला तर लग्नाच्या पंगतीतच ऐकवलं, "तुम्ही घन पदार्थ. समतोल स्थिरांकाच्या सूत्रात घन पदार्थ धरत नाहीत." बिचाऱ्याने जिलबी तशीच गिळली. वर्गात मात्र एका चुकीला माफी नव्हती. स्थिरांक मोठा म्हणजे अभिक्रिया झटपट होते, असं कुणी म्हणालं की खडू भिरकावत. "अभिक्रिया कुठवर जाईल ते स्थिरांक सांगतो, गाढवा, कधी ते नाही!"

बंद भांड्याचं हे वेड वाढत वाढत घराच्या खिडक्यांपर्यंत पोहोचलं. मावशी तिसगावच्या शेतकऱ्याची लेक, उघड्या रानात वाढलेली. एके दिवशी तिने पिशवी भरली. "मी काय वायू हाय व्हय, कोंडून ठिवायला? खिडक्या उघडा आन् न्यायला या, तवाच येईन," असं म्हणून ती लेकीकडे सुप्याला गेली ती गेलीच. काकांना तिच्यावाचून साधा वरणभात जमत नव्हता, करमत तर मुळीच नव्हतं. पण मी "चला काका, गाडी काढतो" म्हटलं की उत्तर ठरलेलं. "दाब देऊन स्थिरांक बदलत नसतो. तिला माझी ओढ आहे, मला तिची आहे. समतोल आपोआप येईल. तू मध्ये पडू नकोस." मावशी फोनवर विचारायची, "निघाले का रं तुजे काका?" मला खोटं बोलवत नसे.

या हिवाळ्यात मावशी दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. सुप्याहून परतल्यावर काकांनी घरातली एकेक खिडकी उघडली. काहींच्या कड्या गंजल्या होत्या, त्यांना हातोडी लागली. मग खुर्चीत बसून म्हणाले, "कधी ते सांगत नाही रे तो स्थिरांक. पोरांना जन्मभर खडू मारले याच्यासाठी." मला त्यांचा राग आला होता, पण त्यांच्याकडे बघून तो टिकेना.

गार वारा सरळ आत येत होता. कपाटावरची नळी फिकी पडली होती. पाणी तापवून आणू का, असं मी विचारलं.

"राहू दे," काका म्हणाले. "खिडकी मात्र लावू नकोस."