चाकामागचा दगड

कोयनानगरच्या वसाहतीत ड्रायव्हर पुष्कळ, पण स्वतःची मोटार असलेला एकटा नाथाजी. बदली झालेल्या एका साहेबानं पंचाहत्तर साली जाता जाता आपली जुनी काळी मोटार त्याच्या गळ्यात मारली, आणि डंपर चालवणाऱ्या या गड्याला आभाळ ठेंगणं झालं.

गाडीची रडगाणी काय सांगावीत! सेल्फ मेलेला, म्हणून पुढून लोखंडी हँडल मारायचं. हँडब्रेक नावापुरता. चढावर इंजिन बंद पडलं की गाडी मागं घसरायची, आणि मग नाथाजीच्या बायकोनं, राहीबाईनं, चालत्या गाडीतून उडी टाकून मागच्या चाकाला दगड लावायचा. दगड मांडीवर घेऊनच ती बसायची. मोटारवाल्याची बायको म्हणून शेजारणी जळायच्या. जळोत बापड्या!

नाथाजीचं सगळं काम मारण्यावर चालायचं. नट फिरला नाही, हाण हातोडा. इंजिन गुरगुरलं, घाल लाथ. पत्र्याला पडलेले पोचे तो निदान ठोकून सरळ तरी करायचा. गेल्या वर्षी त्याची लाथ राहीबाईच्या पोटात बसली आणि दिवस भरत आलेलं मूल गेलं. "चुकून लागली," एवढंच तो म्हणाला. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. हे मूल जगवायचं, याखेरीज तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

चैत्रात चिपळूणहून परत येताना कुंभार्ली घाटात सायलेन्सर सुटून रस्त्यावर खडखडला आणि गाडी बंद पडली. राहीबाईनं उडी टाकली, पण अवघडलेलं अंग. दगड लागेपर्यंत गाडी जरा घसरलीच. नाथाजी उतरला आणि त्यानं तिचं डोकं धरून दारावर आपटलं. भुवई फुटली.

"पाय उचलंना व्हय गं? घरी चल, मग दावतो तुला."

मग हँडल मागच्या चाकापाशी टाकून तो पाना घेऊन गाडीखाली शिरला. पुढच्या चाकामागं त्याची छाती. खालून शिव्या चालूच होत्या. राहीबाई मागच्या चाकापाशी उकिडवी बसली. डोळ्यात रक्त उतरत होतं. तिनं पायाशी पडलेलं हँडल उचललं आणि टोक दगडाला टेकवलं. लोखंड वाजलं तशा शिव्या थांबल्या.

"काय करतीस?"

"आवं, तुमची लाथ चुकून लागली. आज माझा हातबी चुकून हलंल."

किती वर्षांनी नवऱ्याचा आवाज मऊ झाला होता. "राहे, दगड हलवू नगंस. आईची आन, पुन्यांदा हात लावनार न्हाई."

"पोटातल्याची आन घ्या."

"घेतली. पोटातल्याची आन."

"या भाईर."

तो सरपटत बाहेर आला, कपडे झटकले. राहीबाईनं त्याच्यावर विश्वास ठेवला. भाबडी होती, दुसरं काय म्हणायचं? ती उठून उभी राहते तोच पाना फिरला. रोख पोटावर होता. ती वळली म्हणून खांद्यावर बसला, आणि हाड मोडल्याचा आवाज तिचा तिलाच ऐकू आला.

गाडीखाली आता कोणी नव्हतं. तिनं चांगल्या हातानं हँडल फिरवलं आणि होता नव्हता तेवढा सगळा राग त्या दगडावर काढला. दगड उडाला. गाडी आधी हळू, मग सुसाट मागं गेली, कठडा फोडून दरीत कोसळली. झाडं मोडत ती खाली जात राहिली.

नाथाजी तिच्यावर धावून आला. तिनं हँडल त्याच्या तोंडावर हाणलं. दात पडले. तो दोन्ही हातांत तोंड धरून खाली बसला आणि दरीकडं बघून लहान पोरासारखा रडायला लागला. गाडीसाठीच.

राहीबाईनं हँडल टाकलं, पोटावर हात ठेवला आणि वाट पाहिली. बराच वेळ काही नाही. मग बाळ हललं, आणि मोडलेला खांदा सावरत ती एकटी घाट चढायला लागली.