गाण्यातल्या बाईचा जबाब

"ताई, आई गेली," एवढंच बोलून हिराआत्याच्या निलेशनं फोन ठेवला. जूचंद्रला तिच्या घरी पोहोचले तेव्हा ओटीवर बायका जमल्या होत्या आणि एक लांबची काकू भलत्याच वरच्या पट्टीत रडत होती. माझी नजर सवयीनं कोपऱ्यातल्या पाटाकडे गेली... आता हिराआत्या हिला खालच्या पट्टीत उतरवणार. पाट रिकामा होता. मग मीही कुठल्या पट्टीत रडतेय याचं मला भान राहिलं नाही. याला आता महिना होत आला. आदल्या रविवारीच आत्यानं माझ्यावर दोन ओळी रचून म्हटल्या होत्या आणि त्यांचा जबाब द्यायचा राहून गेला होता. बाहेरच्यांना हे किरकोळ वाटेल, पण आत्याच्या राज्यात तो गुन्हा होता.

हिराआत्या धवलारीण होती, म्हणजे आगरी लग्नात धवले गाणारी बाई. तिच्याशिवाय आमच्याकडे हळकुंड हलत नसे. हळदीला वरपक्षाची टिंगल करणं हे तर तिचं खास काम. नवरदेवाचं नाक म्हणा, मामाची कंजुषी म्हणा, तिच्या तावडीतून काही सुटायचं नाही. पण तिचा एक नियम होता. जिच्यावर गाणं, तिनं गाण्यातच जबाब द्यायचा आणि तो येईपर्यंत पुढचं गाणं नाही. एकदा एका लाजाळू विहीणबाईंना काही सुचेना, तर आत्या गुडघ्यावर ताल धरून बसून राहिली. नवरदेवाच्या अंगावरची हळद वाळून पापुद्रे निघाले, आचारी डोकावून गेला, तरी ही ढिम्म. शेवटी विहीणबाईंनी दिलेल्या जबाबात आत्याचे पडके दात होते. त्यावर सगळ्यात जास्त आत्याच हसली.

मी कॉलेजात असताना तिच्या निलेशला हिप हॉपचं वेड लागलं. शेजारच्या एव्हरशाईन सिटी कॉम्प्लेक्समधले त्याचे मित्र, सगळ्यांच्या टोप्या उलट्या आणि एकेका पँटमध्ये दोन माणसं मावतील इतकी जागा. सोसायटीत आवाज चालत नाही म्हणून तालीम आत्याच्या ओटीवर. गणपतीतल्या कार्यक्रमासाठी त्यांना एक 'मुलगी' हवी होती आणि मला काहीही करून स्टेजवर जायचं होतं. काम सोपं होतं. काळा चष्मा लावून मधोमध उभं राहायचं आणि 'नाक्यावर आली, कंबर हलली, पोरांची लाइन लागली' या ओळीला गर्कन वळायचं. आत्या पाटावर बसून सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होती.

"या बाईचा नाव काय रं?" तिनं विचारलं.

"नाव नाय आई. अशीच पोरगी."

"मंग ती बोलते कवा?"

"ती बोलत नाय. ती अ‍ॅटिट्यूड देते."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी अ‍ॅटिट्यूड दिला.

परदेशात असंच असतं हे पटवायला निलेशनं तिला एक सीडी दाखवली. त्यातल्या बायकांचे कपडे बघून आत्याला घेरी येईल अशी मला धास्ती होती. पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. गाणाऱ्याची बढाई तिला भारी आवडली. "टोचून बोलतं पोरगं. ह्यो आपलाच गाना हाय," ती खुशीत म्हणाली. मग कपाळाला आठी घालून, "पन येवऱ्या बाया बोलावल्यान, न एकीच्याबी हातान माइक नाय? लग्नाला बोलवून उपाशी ठेवल्यासारखा."

मुलगी बोलली तर गाण्याचा रुबाब जातो, असं निलेशचं म्हणणं. "मंग माजी ओटी नाय," आत्या म्हणाली. गट मोडला की माझं स्टेजही गेलं. "आत्या, मला नुसतं उभं राहायला आवडतं," मी विनवलं. "ऱ्हा उभी. मी येनार हाय बगाया," एवढंच ती म्हणाली. पुढच्या तालमी मिठागराच्या बांधावर झाल्या.

कार्यक्रमाला आत्या गावातल्या बायका घेऊन पहिल्या रांगेत हजर. कंबर हलली, मी गर्कन वळले आणि आत्या उठून उभी राहिली. "बंद कर तो टेप. आता तिचा जबाब." टेपवाल्याच्या बहिणीच्या हळदीला आत्याच गायली होती. त्यानं मुकाट्यानं बटण दाबलं. आत्या खाली बसली आणि तिनं गुडघ्यावर ताल धरला. गावातल्या बायकांना नियम ठाऊक होता, त्याही थांबल्या. मला दरदरून घाम फुटला. काही दिसेना म्हणून चष्मा काढला, तर समोर निलेशची ती पँट... सकाळीच आत्याला तिच्यात परकराची नाडी ओवताना मी पाहिलं होतं.

"कंबर माझी बघून झाली, तुझी कशी रे सावरली? आईनं नाडी ओवून दिली, म्हणून इज्जत वाचली!"

निलेशचा हात आपोआप कमरेला गेला आणि मंडपात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. मग त्यालाही जबाब देणं भाग पडलं, कारण बायका थांबूनच होत्या. विसर्जनापर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. पुढच्या वर्षी मात्र स्वतःच दुसरा माइक घेऊन आला. मला नुसतं उभं राहायला आवडतं, यावर माझा तोवर खरोखरच विश्वास होता. आता ऑफिसात किंवा सासरी माझ्यादेखत कुणी माझ्याबद्दल परस्पर ठरवू लागलं, की गुडघ्यावरचा तो ताल मला ऐकू येतो आणि मी तोंड उघडते. सासरचे यासाठी आत्याला बोल लावतात. तिला ते आवडायचं.

त्या शेवटच्या रविवारी ती पाटावर बसूनच म्हणाली होती, "भाची गेली सिटीन, दार लावून बसली. बेल दाबून आत्या थकली, तशीच मागं फिरली." माझ्या सिटीतल्या घरी पाहुणे यायचे होते. जबाब पुढच्या रविवारी देते म्हटलं. "थांबते मी," ती म्हणाली.

परवा ओटीवर कुणी नव्हतं. मी पाटासमोर बसले, गुडघ्यावर ताल धरला आणि माझ्या बेसूर आवाजात म्हटलं, "दार नुसतं लोटलं होतं, बेल होती बिघडली. आवाज तुझा गावाला पुरतो, हाक का नाही मारली?"

मग नियमाप्रमाणे गप्प बसले. आता जबाब तिनं द्यायचा होता. आतून निलेशनं विचारलं, "ताई, चहा टाकू?"

"थांब जरा," मी म्हटलं.